आळणी मोसम

पनवेल, ९ जानेवारी १९५८

डॉक्टर दयाराम यांस,

तुमचं पत्र, गोळ्यांची बाटली आणि सूचनांचा कागद पोचला. पोच द्यायची म्हणून देते. पंधरा वर्षं एकमेकांना एक ओळ न लिहिता आपण भाऊबहीण व्यवस्थित जगलो. ही प्रथा मोडायची घाई मला नव्हती, डॉक्टर झकेरियांना होती. घसा बसला म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तुमच्याकडे नव्हे. त्यांनी आरशात जे पाहिलं त्याचं चित्र काढून मला न विचारता मुंबईला धाडलं. जाब विचारला तर म्हणाले, "बाई, माझ्याकडे एक आरसा आणि एक दिवा. आपल्या गळ्यात जे चाललंय ते ओळखणारा माणूस शोधायला गेलो आणि तो आपला सख्खा भाऊ निघाला, यात माझा काय कसूर?" तीस वर्षं रोगी तपासूनही हा गृहस्थ सभ्य राहिला आहे, म्हणून मी विषय सोडला.

तुमचं निदान वाचलं. आठ वर्षं जो आमवात माझ्या बोटांत आणि गुडघ्यांत आहे, तोच आता आवाजाच्या पेटीत उतरला आहे. तिथे वाटाण्याहून लहान असे दोन सांधे असतात, त्यांच्यावर आवाजाचे पडदे उघडतात आणि मिटतात, ते सुजले आहेत आणि आखडत चालले आहेत. हे पडशाने घसा धरण्यासारखं नाही, आठवड्याने जाणार नाही, वर्षानुवर्षं सांभाळावं लागेल, असं तुम्ही लिहिता. 'सांभाळणं' हा शब्द तुमच्या हातून सहज उतरतो. मला त्याची सवय नाही.

आता तुमच्या सूचना. दोन महिने बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कारण कुजबुजताना पडदे अधिक ताणले जातात. हे मला नवीन नाही. कुजबुजणारे ओरडणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात हे मी राजकारणात वीस वर्षं पाहते आहे. खाकरायचं नाही. दिवसातून तीनदा साध्या पाण्याची वाफ. उशाला दोन उशा, रात्री उशिरा जेवण नाही, तिखट नाही. ज्येष्ठमधही नाही, त्याने अंगात पाणी साठतं. गोळ्या सकाळी खाण्यावर घ्यायच्या आणि कितीही बरं वाटलं तरी एकदम सोडायच्या नाहीत, हे लाल शाईत. आणि शेवटी दोन शब्द: मीठ बंद.

मिठागराच्या मजुरांसाठी सभा घेणाऱ्या बाईचं तुम्ही मीठ बंद करता. यात विनोद आहे हे तुमच्या लक्षात आलं नसेल. विनोदात तुम्ही लहानपणापासून कच्चे.

तरीही मी सगळं पाळणार आहे. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. शेठने मिठागरावरच्या गोड्या पाण्याच्या विहिरीला कुलूप घातलं आहे. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायका घोटभर पाण्यासाठी दोन मैलांवरून हंडे आणतात. ९ मार्चला त्यांची सभा आहे आणि त्या सभेत मला बोलायचं आहे. एवढ्यासाठी मला आवाज हवा. नंतर तो गेला तरी तुमच्या उंबऱ्याशी येऊन रडणार नाही.

कृष्णाबाई


पनवेल, २८ जानेवारी

दयाराम,

'तुम्ही' आणि 'तुम्हांला' यांत अक्षरं फार जातात, आणि मी टाकाला चिंधी गुंडाळून लिहिते. म्हणून आजपासून 'तू'. त्यात जिव्हाळा वाचू नकोस.

एकोणीस दिवस गप्प आहे. पाटी बरोबर बाळगते. आपल्या गावातल्या शहाण्यांना माझं मौन फारच आवडलं. वाचनालयात गेले तर दोन वकील खुर्चीतून उठून उभे राहिले. मी बोलत होते तेव्हा वीस वर्षांत कोणी उठलं नव्हतं. त्यातल्या एकाने हात जोडून विचारलं, "मौनव्रत का, बाई? आत्मशुद्धीसाठी?" मी पाटीवर लिहिलं, 'नाही. आपण बोलता तेवढं पुरतं म्हणून.' त्यांनी ते वाचून मान डोलावली. अपमान कळायलाही थोडं वाचन लागतं.

औषधांचा तर बाजार भरला आहे. कंकोळ, खडीसाखर, बेहड्याची साल, हळदीचं दूध, नेरे गावच्या कुणा भगताचा अंगारा. प्रत्येकाचा एक काका यानेच खडखडीत बरा झाला होता. आमवाताने घशाचे सांधे धरलेला एकही काका या तालुक्यात झाला नाही, पण ते सांगायचं कोणाला, आणि पाटीवर मावेल किती.

तुझ्या गोळ्यांबद्दल खरं लिहावं लागेल, आणि ते मला जड जातं. पाचव्या दिवशी सकाळी मी माझी वेणी माझ्या हातांनी घातली. दोन वर्षांनी. जिना उतरताना भिंत धरावी लागत नाही. घशात आवळा अडकल्यासारखं वाटायचं ते कमी झालं. डॉक्टर झकेरिया आरसा घालून म्हणाले, "माशाल्ला, उजवा पडदा हलायला लागला. डावा अजून रुसलाय. नाराज माणसाला मनवायला वक्त लागतो, बाई." बोलायला बंदी नसती तर त्यांना माझं मत सांगितलं असतं.

तुझं दुसरं पत्रही वाचलं. परदेशातले काही डॉक्टर आता असं मानू लागले आहेत म्हणे, की अंगाची राखण करणारं बळच उलटतं आणि आपल्याच सांध्यांना परकं समजून झोडपत राहतं. का, ते कळलेलं नाही. गोळ्या रोग काढत नाहीत, फक्त त्या राखणदाराचा हात धरून ठेवतात. असला राखणदार मी एक दिवस कामावर ठेवला नसता. घरच्याच माणसाला चोर म्हणून बडवायचं आणि आपण घर राखलं म्हणून छाती काढून फिरायचं. त्याला कोणी पढवलं नसतं, त्याला खात्री असते. असल्या खात्रीच्या माणसाइतका मूर्ख

पत्र इथे दोन दिवस थांबलं होतं. बोटं दुखत होती.

आजाराचं मजुरांना सांगून टाक, असं तू सुचवतोस. ते होणार नाही. पुढाऱ्याचं दुखणं ही शेठच्या हातात दिलेली काठी असते. 'बाई खचली' एवढं त्याच्या कानावर गेलं की तो सभेपर्यंत थांबणारही नाही. शिवाय मला कीव नको. लोक माझ्या सभेला कीव करायला येत नाहीत.

कृ.


पनवेल, १८ फेब्रुवारी

दयाराम,

काल मिठागरावर पहिलं मीठ निघालं. तू मुंबईत राहून विसरला असशील, म्हणून सांगते. पहिल्या दिवसाचं मीठ विकत नाहीत. सुपात घालून बांधावरच्या देवापुढे ठेवतात, नारळ फोडतात, आणि सगळ्यांत जाणता माणूस एकेकाच्या जिभेवर चिमूट ठेवत जातो. ज्याने ती घेतली तो त्या मोसमात फुटायचा नाही. शपथ नाही, कागद नाही, एवढंच. यंदा तिला जास्तच अर्थ होता, कारण चिमूट झाली की विहीर उघडेपर्यंत वाफ्यात कोणी उतरायचं नाही असं ठरलं होतं.

बुधाजी चिमूट देत होता. मिठागरावरचा तोच म्होरक्या, साठीचा, पायांना मिठाने पडलेल्या भेगा इतक्या की त्यात बोट जाईल. माझ्यापुढे आला नि म्हणाला, "जीब काढा, बाय."

मी हात पुढे केला.

"हातान नाय देत. जिबंवर घ्याची."

मी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'नंतर घेईन.' बुधाजीला वाचता येत नाही. त्याने पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, चिमूट परत सुपात टाकली आणि पुढच्या माणसाकडे गेला. तुझ्या कागदावर 'मीठ बंद' असं होतं. मी अर्धं व्रत कधी केलं नाही. सोडलं म्हणजे सोडलं.

त्यानंतर भामाच्या घरी जेवण होतं. भामा ही बुधाजीच्या हाताखाली काम करते, नवरा नाही, दोन मुलं आहेत, आणि सभेला बायका जमवायचं काम माझ्यासाठी गेली चार वर्षं तीच करते. तिने सुकटीचं कालवण वाढलं. सुकट म्हणजे मीठच. मी वाटी बाजूला सारली आणि भाकरी कोरडी खाल्ली. भामाने वाटी उचलली, मुलाच्या पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून चुलीशी बसली.

गप्प माणसाला लोक बहिरं समजतात. परत येताना माझ्यापुढे दोन बाया चालत होत्या.

"बाय किती गोल जाली, पायलंस?"

"शेटच्या घरचं तूप असल."

"नि तोंड कसं शिवून घेतलंय."

"शिवलंय कुठं. कुलूप घातलंय. हिरीला घातलंय ना, त्यातलंच."

घरी येऊन आरसा पाहिला. तुझ्या गोळ्यांनी माझे गाल फुगवले आहेत. आयुष्यभर माझा चेहरा कोयत्यासारखा होता, आता सावकाराच्या बायकोसारखा दिसतो. तुझ्या सूचनांत हे लिहिलेलं नव्हतं.

हे सगळे अडाणी, कृतघ्न लोक आहेत. वीस वर्षांचं काम एका चिमटीवरून पुसून टाकतात. तरी ९ तारखेला मी बोलणार आहे, आणि ऐकायला तेच समोर बसतील.

कृ.


पनवेल, २७ फेब्रुवारी

दयाराम,

'चिमूटभर मिठाने काहीही बिघडलं नसतं, रोजच्या जेवणातलं कमी करावं एवढाच अर्थ होता.' हे तू आता लिहितोस. माझ्या जिभेपुढून सूप निघून गेल्यावर. तुम्ही डॉक्टर लोक फाशीची शिक्षा लिहावी तसं दोन शब्दांत लिहिता आणि मग समजुतीचं पान मागाहून पाठवता.

गोल चेहऱ्याबद्दल तू लिहितोस की तो गोळ्यांचाच परिणाम आहे, मात्रा हळूहळू उतरवली की तोही उतरेल, सहा महिने धीर धर. माझ्याकडे दहा दिवस आहेत. तहानेल्या माणसांपुढे मी असले गाल घेऊन उभी राहणार नाही. म्हणून गोळ्या रविवारपासून बंद केल्या. बाटली खाडीत टाकली. एकदम सोडल्या तर रोग दुपटीने उसळतो आणि अंगातलं बळ जातं, हे तू लाल शाईने लिहिलं होतंस. लाल शाई मी शाळेत शिकवताना वापरत असे. तिने कोण घाबरतं ते मला ठाऊक आहे.

आजचा पाचवा दिवस. काही झालेलं नाही. थोडा थकवा आहे.

गावात माझ्या पाठीमागे एक शब्द फिरतो आहे, 'विकली गेली.' फार सोयीचा शब्द आहे. त्याला साक्षीदार लागत नाही, गाल पुरतात. बुधाजी तोंडावर बोलत नाही, पण मला पाहून वाट बदलतो. भामाने सभेच्या बायकांची यादी स्वतः आणून दिली नाही, मुलाकडून लिहवून त्याच्याच हाती पाठवली.

तू मनात काय म्हणतोस ते मला इथून ऐकू येतं. हो, तो शब्द पनवेलीत माझ्याच तोंडून पहिल्यांदा मोठ्याने निघाला होता. त्रेचाळीसच्या जानेवारीत, बाजारपेठेतल्या सभेत, दोन हजार माणसांपुढे. 'माझ्या भावाने सरकारच्या माफीच्या कागदावर सही केली आणि तो तुरुंगातून घरी आला. तो विकला गेला. आजपासून मला भाऊ नाही.' टाळ्या बराच वेळ चालल्या. तू मागे उभा होतास हे मला नंतर कळलं.

त्याबद्दल मी दिलगीर नाही, हे स्वच्छ लिहिते. सही केली होतीस ना? मग झालं. मी तर कसल्याही कागदावर सही केलेली नाही, मी फक्त गप्प बसले होते. दोन्हींत फरक आहे. फरक आहे.

कृष्णाबाई


पनवेल, १३ मार्च

दयाराम,

डॉक्टर झकेरियांनी तुला फोन केला, आणि काय झालं ते तुला कळलं आहे. तरी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ते सगळं फार गोड करून सांगतात.

शुक्रवारी माझी बोटं मिटली ती उघडली नाहीत. शनिवारी दोन पायऱ्या चढले आणि श्वास घेताना गळ्यात शीळ वाजली. मी ते दम्यावर ढकललं. दमा मला कधी नव्हता. रविवारी सभेला गेले.

चारशे माणसं होती. माझं भाषण पाऊण तासाचं होतं, त्यात तीन देशांच्या पाणी-कायद्यांचा इतिहास होता. उभी राहिले, तोंड उघडलं. आवाज निघाला, फाटका, पण माझा. दोन वाक्यं झाली. तिसऱ्या वाक्यासाठी श्वास घ्यायला गेले आणि तो आत जाईना. नुसती शीळ. पुढच्या रांगेतलं एक मूल ती ऐकून हसलं. मी टेबल धरलं.

बुधाजी खालून म्हणाला, "मीठ नाय घेतलं तवाच समाजलो मी. देवानं गला धरला."

तेव्हा भामा उठली. मला वाटलं तीही काही सुनावणार. ती बुधाजीकडे वळली.

"तिला दम निघत नाय नि तू मिठाचं कसलं इचारतोस? तुज्या म्हशीला असं जालं असतं तर आतापावत गाडी जुपली असतीस."

तोवर झकेरिया गर्दीतून वर आले होते. मी हाताने त्यांना नको म्हणत होते. त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून सोडून दिलं. म्हणाले, "भाईलोक, ही बाई माझी मरीज आहे. मीठ आम्ही डॉक्टरांनी बंद केलं, बोलणं आम्ही बंद केलं, गाल आमच्या गोळ्यांनी सुजले. शिव्या द्यायच्या त्या मला द्या. पण आता गाडीला वाट द्या."

मग बुधाजी अगदी जवळ आला. त्याचं तोंड पाहून मला वाटलं, माफी मागेल. तो रागावला होता.

"मंग सांगाचं नाय का, बाय? माजी म्हातारी तीन वरसं आळणी खाते, पोटान पानी जालंय तिच्या. तिला कोन बोलतं का, शेटच्या घरी जेवतेस म्हनून? तुमी आमाला काय समाजता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मी १८ फेब्रुवारीच्या पत्रात ते तुला लिहून पाठवलं आहे: अडाणी, कृतघ्न.

इंजेक्शनं चालू आहेत, गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. बसूनच झोपते. वाफेचं भांडं उशाशी असतं. माझ्यामागे सभा मोडली असेल असं मी धरून चालले होते. ती मोडली नाही. भामा टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या सगल्यांनी रिकामा हंडा घ्याचा नि शेटच्या दारान ठेवाचा. त्याच्या बायकोला दाराभायेर पाय टाकाला जागा नाय राहिली पायजे. पानी मिलंल तवा हंडा उचलाचा." एवढं बोलून खाली उतरली. सोमवारी सकाळी एकशेचाळीस हंडे होते. काल विहिरीचं कुलूप निघालं.

माझ्या तीन देशांच्या इतिहासाशिवाय निघालं. भामा मला ही बातमी सांगायला आली होती. बरोबर भाकरी होती, आळणी पिठल्याबरोबर. चव घेऊन पाहिली तर भयंकर होतं. तिनेही माझ्याबरोबर तेच खाल्लं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "ह्याच्यापरीस उपास बरा." मी सगळं संपवलं.

कृ.


पनवेल, २० मार्च

दया,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग झकेरियांना वाचायला दिलं, तुझं अक्षर सुधारलं नाही म्हणून.

तू म्हणतोस ते असं. दोन्ही सांधे आखडून पडदे जवळजवळ मध्यावर येऊन थांबले आहेत. गोळ्यांनी सूज उतरली, पण आखडलेलं आता सुटायचं नाही. पुढचं पडसं, पुढची उसळी, आणि वाट बंद. गळ्याला भोक पाडून कायमची नळी बसवली तर बोट लावून बोलता येईल, पण ती दिवसातून चारदा काढून धुवावी लागते. मी एकटी राहते, आणि माझ्या बोटांनी लुगड्याची गाठ सुटत नाही. राहिली शस्त्रक्रिया. एका बाजूच्या सांध्यावरचं इवलंसं हाड काढायचं, पडदा बाजूला ओढून शिवायचा. श्वासाला जागा होईल. आवाज जाईल. भात्यातून निघावी तशी हवा उरेल, समोरच्या माणसाला ऐकू जाण्यापुरती. गोळ्या, वाफ, उशा, आळणी जेवण हे सगळं त्यानंतरही राहील, कारण राखणदार काही बदलणार नाही.

दोन दिवस मी तुझा मनसोक्त तिरस्कार केला. मग मीठ, पाणी, हंडे यांचा विचार केला. माझा आवाज राहिला आणि मी गुदमरून मेले तर वकील लोक वाचनालयात माझी तसबीर लावतील. हे एक कारण पुरेसं आहे. काप.

मंगळवारी मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने येते. बरोबर झकेरिया आहेत, आणि भामा. भामा यायचं म्हणाली तेव्हा मी पाटीवर कारण विचारलं, आणि मग तिला वाचता येत नाही हे लक्षात येऊन पुसून टाकलं. तिने न विचारता सांगितलं, "ममईचा डाक्टर कसा असतो ते बघाचंय." तुला पाहून तिची निराशा होईल.

आता एक गोष्ट. ती मी पाच पत्रांत लिहिली नाही.

त्रेचाळीसच्या त्या सभेच्या दिवशी दुपारी कोन गावाहून माणूस आला होता. आई तेव्हा तिथे मामाकडे अंथरुणावर होती. त्याने तिचा निरोप सांगितला: 'दयाला सही करायला मी सांगितलं. मला एक तरी मूल उशाशी हवं. कृष्णे, तू सभा सोडून येणार नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून तुला नाही सांगितलं.' मी निरोप ऐकला. माणसाला चहा दिला. संध्याकाळी व्यासपीठावर चढले.

तू असं समजतोस की मला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं तू मला तेवढी सूट दिलीस. मला ठाऊक होतं. भाषण तयार होतं, आणि उत्तम जमलं होतं. ते टाकून देणं माझ्या जिवावर आलं. आई अकरा आठवड्यांनी गेली तेव्हा तू तिथे होतास आणि मी साताऱ्याला टाळ्या घेत होते. पुढे मी विचार केला नाही असं नाही. दर वेळी 'सही ती सही' असं म्हणून दार लावून घेतलं.

हे पत्रातून सांगून भागत नाही. एकांतात, दार लोटून चुकलं म्हणणं ही भित्र्यांची सोय आहे, हे मी व्यासपीठावरून अनेकांना सुनावलं आहे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, गुंगी देण्याआधी, मला वॉर्डात उभं राहून हेच बोलायचं आहे. झकेरिया म्हणतात, या घशात अजून दहा वाक्यं आहेत. गेले आठ दिवस मी एकही वापरलेलं नाही. नर्स असतील, रोगी असतील, झाडूवाले असतील, सगळ्यांना थांबव. मध्ये बोलू नकोस आणि 'जाऊ दे, ताई' असं म्हणू नकोस, म्हणालास तर मी उठून परत जाईन.

मी दोन हजार माणसांपुढे बोलले होते. तेवढी तुझ्याकडे मिळणार नाहीत. वॉर्डात खाटा किती आहेत ते उलट टपाली कळव.

ताई